दादाने ओढलेला दोरा

आमच्या दादाला सुटलेला दोरा बघवत नाही. शिंप्याला कापड दिसतं, माणूस नंतर दिसतो, हे मी समजू शकते; पण दादाचं प्रकरण त्याच्याही पुढचं. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या पाठीवर दोरा लोंबताना दिसला की हा दोन पावलं पुढे सरकणार, नखात तो दोरा धरणार, हलकेच ताणून बघणार आणि अलगद काढून खिशात टाकणार. त्या माणसाला पत्ताही लागत नाही. एकदा कुणाच्या तरी अंत्ययात्रेत याने एका मोठ्या साहेबांच्या खांद्यावरचा दोरा असाच काढायला घेतला. तो निघाला लांबलचक. साहेबांना वाटलं, हा आपलं सांत्वन करतोय. त्यांनी वळून दादाला मिठी मारली आणि ढसाढसा रडले. दादाही रडला, पण त्या अवस्थेतही त्याने दोरा बोटाला गुंडाळून घेतला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

या कामात तो चुकत नसे, हे मात्र कबूल करायला हवं. दोरा बोटांत धरून जरासा ताणला की त्याला कळायचं, की हा नुसता अडकलेला आहे की शिवणीतून आलाय. अडकलेला असेल तर ओढायचा, शिवणीतला असेल तर कात्रीने कापायचा. मला हे कधी जमलं नाही. मी रंगाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, मला डब्यांची झाकणं उघडता येतात, तेवढं पुरे.

दादाचं दुकान म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला काचेचं दार, दारापाशी दादाचं मशीन, भिंतीला लागून वहिनीचं. मधे कटिंगचं टेबल, आणि टेबलाखाली चिंध्या, दोऱ्यांचे गुंते, खांद्याच्या पॅडांचे तुकडे, असा सगळा पसारा. दादा कोट शिवतो. काजं, बटणं, तुरपाई वहिनीकडे. मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे छोटंसं अंगण. दोघं दिवसभर हाताच्या अंतरावर बसलेली असतात.

आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मी मधे पडून, दोघांना चार शब्द सुनावून मिटवलं असतं; मला तेवढं चांगलं येतं. त्यांचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला. कॉलेजला जातो म्हणून सांगून निघाला आणि चौकातून पुढे गेलाच नाही. त्यानंतर पहिले काही महिने दोघं रडली, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. मग रडणं थांबलं आणि बोलणंही थांबलं. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला तोच आठवणार, ही भीती होती असं मला वाटतं. विचारलं कुणी नाही आणि सांगितलंही कुणी नाही. मी संध्याकाळी दुकानातून सुटल्यावर तिथे जायची, तेव्हा मशीन थांबलं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. मला ते घर खायला उठायचं.

मग एक कुत्रा आला. कुठून आला कोण जाणे. पिल्लूच होतं, पावसात भिजून दुकानाच्या पायरीवर बसलं होतं. पांढरं अंग आणि पाठीवर एक तांबडा चौकोन, कुणीतरी मापाने कापून लावल्यासारखा. वहिनीने त्याला पुसलं आणि दूध दिलं. दादा मशीनवरून म्हणाला, पाठीला ठिगळ लावलंय याच्या, आणि लावणाऱ्याचं काम काही बरं नाही. तेव्हापासून तो ठिगळ्या. दादा हे कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही, पण वहिनी हसली. त्या घरात मी कितीतरी दिवसांनी हसू बघत होते.

पुढे काय झालं, तर ती दोघं ठिगळ्यामार्फत बोलायला लागली. वहिनी टेबलाखाली बघून म्हणायची, "त्यांना म्हणावं, चहा निवतोय." दादा मशीन न थांबवता म्हणायचा, "तुझ्या मालकिणीला म्हणावं, एवढी बाही होऊ दे." ठिगळ्या बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघायचा आणि शेपूट आपटायचा. सुरुवातीला मला हसू फुटायचं. मी म्हटलंसुद्धा, की अरे, तो फोन आहे का, त्याला बिल येईल. पण मग बोलणी वाढत गेली. कुणाच्या पायाला वात आलाय, कोणतं गिऱ्हाईक खडूस आहे, नळाला पाणी कमी येतंय, सगळं ठिगळ्याच्या कानावर घातलं जाई आणि उत्तर त्याच्याच कानावरून परत येई. एका संध्याकाळी वहिनी त्याचे कान चोळत म्हणाली, "त्यांना म्हणावं, आज त्याचा वाढदिवस होता." मशीन थांबलं. दादा म्हणाला, "तिला म्हणावं, मला सकाळपासून माहीत आहे." मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. मुलाबद्दल ती दोघं बोलली ती तेव्हा पहिल्यांदा, आणि मधे तो कुत्रा नसता तर बोललीच नसती.

म्हणून त्या कुत्र्याच्या जिवाला मी फार जपायची. माझ्या भावाचा संसार त्या चार पायांवर उभा होता, आणि ते पाय टेबलाखालच्या पसाऱ्यात झोपायचे.

आता ठिगळ्याची एक खोड सांगायला हवी. तो अखंड खादाड होता. चपलेचा पट्टा, मेणबत्ती, बटणाची डबी, त्याला काही वर्ज्य नव्हतं. पोट बिघडायचं, तो अंगणात जाऊन गवत खायचा, ओकायचा, आणि तासाभरात पुन्हा ताटाशी हजर. दादाचा उपाय ठरलेला. एक दिवस उपास, भरपूर पाणी, दुसऱ्या दिवशी मऊ बिनमिठाचा भात. दर वेळी ठिगळ्या बरा व्हायचा आणि दादाची कॉलर ताठ व्हायची.

त्या वेळी शाळेच्या बँडच्या कोटांचं काम आलं होतं. लाल कोट, सोनेरी गोंडे, खांद्यात जाड पॅड. घरभर लाल कापड पसरलं होतं. ठिगळ्या सकाळी ओकला. पिवळा फेस पडला. दादाने ताट उचललं आणि उपास जाहीर केला. पण या वेळी गवताने काही झालं नाही. पाणी प्यायला, तेही पडलं. दुसऱ्या दिवशी वहिनीने भात पुढे केला तर त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. ठिगळ्या अन्नाकडे पाठ करतो ही गोष्टच नवी होती. तो सारखे ओठ चाटत होता, लाळ गळत होती. जागा बदलत होता. टेबलाखाली जाई, बाहेर येई, बसे, लगेच उठे. शी केलेली नव्हती.

आणि एक विचित्र गोष्ट करायचा. पुढचे दोन्ही पाय लांब पसरून छाती जमिनीला टेकवायचा आणि मागचं अंग वर धरून तसाच राहायचा. दादा गंमतीने म्हणाला, गिऱ्हाइकांना मुजरा करतोय. कोट न्यायला आलेले बँड मास्तर हसले. मीसुद्धा हसले. वहिनी हसली नाही. ती सुई खाली ठेवून त्याच्यापाशी बसली, पोटाला हात लावला तर त्याने अंग चोरलं.

"त्यांना म्हणावं, माझं पोट दुखतंय," वहिनी ठिगळ्याच्या वतीने म्हणाली. "म्हणावं, मला डॉक्टरकडे न्या."

दादा म्हणाला की तिला म्हणावं, उद्यापर्यंत बघू, एवढे कोट हातावेगळे होऊ देत. त्यात त्याची काही दुष्टाई नव्हती. दर वेळी उद्या उजाडल्यावर ठिगळ्या बरा झालेला होता, म्हणून या वेळीही होईल असं त्याने धरलं होतं. वहिनीने पुन्हा म्हटलं नाही. निरोप एकदा देऊन झाला की ती पुन्हा देत नसे. त्या घरात आग्रह करायची सोय नव्हती. आग्रह समोरासमोर करावा लागतो.

पुढचं मला दादाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ठिगळ्या अंगणात जोर करत बसला होता. काही होत नव्हतं. तो उठला तेव्हा दादाला त्याच्या शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला. लाल दोरा, कोटाचा, जाड आणि पक्का. दादाच्या जिवात जीव आला. एवढंच ना! दोरा खाल्लाय, तो अडकलाय, म्हणून बेजार झालाय. सगळ्या जगात आजार निघायचा तर नेमका त्याच्या हातखंड्यातला निघाला होता.

त्याने दोरा नखात धरला आणि जरासा ताणून बघितला. दोरा सरकला. अडकलेला नाही, मोकळा आहे, असं त्याच्या बोटांनी सांगितलं. मग त्याने ओढला. ठिगळ्या एकदा ओरडला. दोरा हातभर आला आणि तुटला.

मी संध्याकाळी गेले तेव्हा दादाने मला तो दोरा कागदावर ठेवून दाखवला. चेहऱ्यावर समाधान होतं. ठिगळ्या टेबलाखाली निपचित पडला होता, येरझाऱ्या थांबल्या होत्या. दादा म्हणाला, बघ, कसा शांत झालाय, आता झोपेल आणि उद्या ताट मागेल. वहिनी त्याच्या शेजारी जमिनीवर बसून तुरपाई करत होती. मला हायसं वाटलं आणि मी घरी गेले.

सकाळी वहिनीचा फोन आला. ती मला कधी फोन करत नसे. म्हणाली, तो उठत नाही, पोट दगडासारखं झालंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात. मी पोचले तोवर दादाने त्याला लाल कापडात गुंडाळून उचललं होतं. हाताला लागलं ते, बँडच्या कोटाचं. वहिनीने घरी थांबावं असं तो मला म्हणाला, वहिनीला नाही. ती दारात उभी राहिली.

प्राण्यांची डॉक्टरीण तरुण होती, कमी बोलणारी. तिने पोट चाचपलं आणि विचारलं, काय खाल्लं, किती दिवस झाले, असं अंग ताणून उभा राहत होता का. दादा म्हणाला, मुजरा करायचा. ती म्हणाली, पोट फार दुखत असलं की कुत्री तशी उभी राहतात. मग तिने विचारलं, मागून काही बाहेर आलं होतं का. दादाने अभिमान बाजूला ठेवून सांगितलं, दोरा आला होता, मी ओढून काढला. तिचा हात थांबला. ती ठिगळ्याला आत घेऊन गेली.

आम्ही बाकावर बसलो. समोर भिंतीवर मांजरीच्या पिल्लांचं कॅलेंडर होतं, दादा त्याच्याकडे बघत राहिला. मी नको नको ते बोलत होते, की डॉक्टर हुशार दिसतात, की कुत्र्यांची जात चिवट असते. तो हूं हूं करत होता.

बाहेर आल्यावर डॉक्टरणीने सगळं नीट सांगितलं. जठरात खांद्याच्या पॅडचा स्पंज अडकला होता, आणि त्याला शिवलेला दोरा पुढे आतड्यातून गेला होता. एक टोक वर घट्ट, दुसरं खाली. आतडं त्या दोऱ्यावर गोळा झालं होतं. सांगताना तिने हातातला रुमाल बोटांवर गोळा करून दाखवला. "चुण्या," दादा म्हणाला. ती म्हणाली, हो, चुण्या. अशा वेळी दोरा दिसला तरी ओढायचा नसतो, कारण ओढला की तो आतून आतडं कापत जातो. ते ठिकठिकाणी कापलं गेलं होतं, विष पोटभर पसरलं होतं. तिने शिवता येईल तेवढं शिवलं होतं, पण आशा धरू नका म्हणाली.

दादाने विचारलं, "मी ओढला नसता तर?"

खोटं बोलणं सोपं होतं, मी मनातल्या मनात तिला म्हणत होते की बोल. ती म्हणाली, "तसाच आणला असतात तर बहुतेक वाचला असता. असे कुत्रे मी बरे केलेत."

ती गेल्यावर दादा पुन्हा बाकावर बसला आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला. मला म्हणाला, झालर करताना आपण काय करतो, एका टोकाला गाठ मारायची आणि दुसरं टोक ओढायचं, कापड आपोआप गोळा होतं. जास्त ओढलं की फाटतं. "हे मला माहीत नव्हतं का गं? कापड असतं तर मी आधी उलटं करून बघितलं असतं."

मी त्याचा हात धरला. ठिगळ्या दुपारी गेला. आत टेबलावर, पाठीवरचं ठिगळ तसंच स्वच्छ.

दादाने मला बजावलं, की डॉक्टर ओढण्याबद्दल जे म्हणाली ते वहिनीला सांगायचं नाही. आतडं आधीच सडलं होतं, कुणाचाच इलाज चालला नसता, एवढंच सांगायचं. मला मनातून त्याचा राग आला. वाटलं, स्वतःची चूक झाकतोय, बायकोच्या नजरेतून उतरायची भीती वाटतेय. पण त्याचा चेहरा बघून मी हो म्हटलं. अंगणात खड्डा दादानेच खणला. वहिनी पायरीवर बसून होती. रडली नाही.

त्यानंतर घर पूर्वीसारखं झालं, किंबहुना पूर्वीपेक्षा वाईट. पूर्वी दोघांना बोलण्याची सवय मोडली होती. आता सवय होती आणि वाट बंद झाली होती. वहिनी तोंड उघडायची, टेबलाखाली नजर जायची आणि तोंड मिटायचं. दादा पाणी हवं असलं की उठून घ्यायचा. चहा निवून जायचा. मी एकदा चिडून म्हटलं, की माझ्यामार्फत बोला, मी काय कुत्र्यापेक्षा वाईट आहे का. दोघांपैकी कुणालाही हसू आलं नाही, आणि खरं तर मलाही नाही.

एका संध्याकाळी मी गेले तेव्हा दादा एकटाच मशीनवर होता. वहिनी कुठे गेलीय ते त्याला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने ती आली. हातात ठिगळ्याच्या गळ्यातला पट्टा होता. तो दवाखान्यात राहिला होता, आणायला आम्हाला सुचलं नव्हतं. ती चपला न काढता दादाच्या मशीनसमोर येऊन उभी राहिली. तिने टेबलाखाली बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

"मी डॉक्टरांना विचारलं," ती म्हणाली. "ओढल्यामुळे झालं. तुम्ही मला सांगितलं नाहीत."

दादाने मशीनवरून पाय काढला. म्हणाला, "ओढला मी. तुझा काय संबंध?"

"धरलं कुणी होतं त्याला?"

हे मला माहीत नव्हतं. दादाने मला सांगितलं नव्हतं, डॉक्टरणीलाही सांगितलं नव्हतं. इतके दिवस तो काय झाकत होता ते मला आत्ता कळलं.

"मी धरलं होतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तो सुटायला बघत होता, मी सुटू दिलं नाही. माझा हात चाटत होता. आणि मी त्याला सांगत होते, थांब, त्यांना जमतं हे, त्यांच्या हाताला जमतं."

दादाने मान वर केली नाही. मला वाटलं तो काहीतरी म्हणेल. बोलणं थांबल्यापासून ती पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलली होती. तोही बोलला होता. आता एक शब्द हवा होता, कसलाही. वहिनीही थांबली होती. मग तिने पट्टा टेबलावर ठेवला आणि आत गेली.

अजून मी रोज संध्याकाळी जाते. काजं-बटणं वहिनीच करते, कोट दादाच शिवतो. गिऱ्हाईक आलं की दोघं गिऱ्हाइकाशी बोलतात. चांगलं बोलतात, हसतातसुद्धा. मग गिऱ्हाईक निघतं, आणि ते दाराशी पोचलं की वहिनी म्हणते, बसा की थोडा वेळ.